पलंगाखालून ऐकू येणारे बूट

ठोशाचा खरा आवाज अगदी फुसका असतो. गालावर मूठ बसली की ‘फत्’ असं काहीतरी होतं, शेजारच्या खोलीत ऐकूही जाणार नाही इतपत. मुलीला पळवून नेणाऱ्या टोळीतल्या सहा जणांना एकट्याने लोळवणाऱ्या बापाचं असल्या आवाजावर भागत नाही. म्हणून अंधेरी पश्चिमेतल्या एका इमारतीत, खिडकीच नसलेल्या खोलीत, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ सुती बनियन आणि अर्धी चड्डी घालून चामड्याच्या दोन जुन्या जाकिटांवर बुक्के हाणत असतात. त्या बुक्क्यांनी समोरच्या पडद्यावर भलताच माणूस कोलमडतो.

ह्या कामाला फोली म्हणतात. हॉलिवुडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत मूकपटांना आवाज जोडण्याच्या धांदलीत, १९२९च्या सुमारास, जॅक फोली नावाच्या माणसाने ही पद्धत रुळवली आणि तिला त्याचंच नाव चिकटलं. पात्रं चालतात, बसतात, पदर सावरतात, किल्ली फिरवतात, मार खातात. ह्या सगळ्याचे आवाज चित्रीकरण आणि संकलन उरकल्यावर पडद्याकडे बघत पुन्हा करायचे आणि मुद्रित करायचे. स्फोट, गोळीबार, गाड्यांची चाकं हे फोलीवाल्यांचं खातं नाही. ते ध्वनिसंकलक आपल्या साठ्यातून लावतो. पण गोळी सुटण्याआधी पिस्तूल हातात फिरतं, त्याची ती बारीक खुळखुळ फोलीची.

मी ज्या हिंदी चित्रपटाच्या फोलीला बसले होते तो अजून लागलेला नाही, म्हणून नाव घेत नाही. गोष्ट मात्र कुणालाही आधीच माहीत असावी अशी आहे. कॉलेजातली मुलगी, तिला उचलून नेणारी टोळी, एके काळी सरकारी खात्यात काहीतरी गुप्त काम केलेला बाप. स्टुडिओत येणारा प्रत्येक जण दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ‘टेकन’चं नाव काढत होता. दिग्दर्शकाने तर ध्वनीच्या टिपणातच लिहून दिलं होतं की अपहरणाचा प्रसंग ‘टेकन’सारखा ऐकू यायला हवा. ‘दिसायला हवा’ असं लिहिलं नव्हतं, हे मला त्या माणसाच्या समजुतीचं लक्षण वाटलं.

‘टेकन’ २००८ सालचा. दिग्दर्शक पिएर मोरेल, लेखन ल्युक बेसाँ आणि रॉबर्ट मार्क केमेन यांचं. कंपनी फ्रेंच, चित्रपट इंग्रजी, आणि बापाच्या भूमिकेत पंचावन्नच्या घरातला लिअम नीसन, ज्याला तोवर लोक ‘शिंडलर्स लिस्ट’साठी ओळखत होते. सुमारे अडीच कोटी डॉलरच्या ह्या चित्रपटाने जगभरात वीस कोटींहून अधिक मिळवले, आणि नीसन त्यानंतर कितीतरी वर्षं हाणामाऱ्याच करत राहिला. गोष्ट म्हणून मला तो फारसा पटत नाही. परदेशी गेलेली मुलगी संकटात सापडणारच, बापाचं न ऐकण्याची शिक्षा तिला मिळणारच, आणि पॅरिसमधला अल्बेनियन म्हणजे टोळीवालाच, असा त्याचा सरळ हिशोब आहे. पण त्यातला फोनचा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल, आणि दर वेळी त्यात बघण्यासारखं किती थोडं आहे ह्याचं नवल वाटतं. मुलगी पॅरिसच्या घरात पलंगाखाली. बाप लॉस एंजेलिसमध्ये फोन कानाला लावून. ती त्याला दिसत नाही, तिला खोलीत शिरलेल्यांचे फक्त बूट दिसतात. तो तिला सांगतो की तुला ते पकडणार आहेत, त्या वेळी जे दिसेल ते ओरडून सांग. फोन त्याने ध्वनिमुद्रण यंत्राला जोडून ठेवलाय. पुढे पॅरिसला गेल्यावर शत्रूची ओळख पटते तीही त्या मुद्रणात पकडल्या गेलेल्या दोन शब्दांवरून, आवाज जुळवून. मारामाऱ्या पुष्कळ आहेत, पण ह्या बापाचं पहिलं हत्यार कान आहे.

असा प्रसंग अंधेरीत कसा तयार होतो, तर पायांपासून.

खोलीत शिरतानाच चपला बाहेर काढायला लावल्या. त्याबद्दल काही वाटलं नाही, पण मग घड्याळ, बांगडी, किल्ल्यांचा जुडगा आणि सिंथेटिक ओढणीही बाहेर ठेवायला सांगितली. ‘मॅडम, हा माइक तुमचा श्वास पण घेतो,’ काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट पोरगा म्हणाला. तो मूळचा केरळचा, बोलणं हिंदीतून, आणि फोली करणाऱ्या गृहस्थांना सगळ्यांसारखंच ‘दादा’ म्हणणारा. दादा मुंबईतलेच. ते कामाला बसण्याआधी पोळीभाजी खाऊन घेतात, भूक असो वा नसो. पोटात कावळे ओरडणं ही इथे तांत्रिक अडचण आहे. एखादा दबकत चालण्याचा नाजूक टेक मस्त जमून येतो आणि नेमक्या शेवटच्या पावलाला पोट बोलतं, की पुन्हा पहिल्यापासून.

खोलीच्या जमिनीत चौकोनी कप्पे केलेत. एकात शहाबादी, एकात कडप्पा, एकात मोझॅक, एकात सागवानी फळ्या, एकात खडी, एकात वाळू. एका कोपऱ्यात गटाराचं लोखंडी झाकण. भिंतीला बुटांची फडताळं: पोलिसी बूट, कोल्हापुरी, रबरी स्लिपर, बायकांच्या उंच टाचेच्या सँडल, आणि त्या सगळ्या दादांच्या मापाच्या कशा मिळाल्या ह्याची एक वेगळीच कहाणी. भंगारातून आणलेलं मारुतीचं एक दार चौकटीसकट उभं आहे. जुन्या कॅसेटांची उलगडलेली फीत गोणीत भरून ठेवली आहे. ती पायाखाली तुडवली की गवत वाजतं. खरं गवत दोन तासांत मलूल होतं आणि मग वाजत नाही, शिवाय मुंबईत रोज आणायचं कुठून? पावसाळ्यात तर सुकी पानंसुद्धा सादळतात. कॉर्नफ्लॉर चामड्याच्या पिशवीत घालून दाबलं की बर्फावरची पावलं होतात. काश्मीरमधली कितीतरी प्रेमं ह्या पिशवीवर चालली असतील.

कामाचा क्रम जगभर साधारण सारखाच आहे. एक फेरी पायांची, एक कपड्यांची, एक वस्तूंची. प्रत्येक पात्राचे पाय वेगळ्या ट्रॅकवर. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे एक चौकट सेकंदाच्या चोविसाव्या भागाएवढी. पाऊल दोन-तीन चौकटी चुकलं तरी काहीतरी बिनसलंय असं वाटायला लागतं, आणि बघणाऱ्याला काय बिनसलंय ते सांगता येत नाही. त्यामुळे ‘दादा, थोडा लेट’ हे वाक्य दिवसभर काचेपलीकडून येत राहतं.

पलंगाचा प्रसंग सुरू झाला. पडद्यावर कॅमेरा जमिनीलगत, पलंगाची झालर, तिच्याखालून दिसणारी मोझॅकची फरशी आणि दारातून आत येणारे दोन जोडी बूट. दादांनी आधी सगळा तुकडा नुसता बघितला, हात पाठीमागे बांधून. मग पहिल्या गुंडासाठी जाड तळाचे बूट चढवले आणि मोझॅकच्या कप्प्यात उभे राहिले. तिथे फार तर दीड पाऊल मावतं. फोलीवाला जागच्या जागी चालतो. टाच टेकवून चवड्याकडे वजन सोडत त्याने पुढे गेल्याचा भास करायचा असतो. माझ्या लक्षात आलं की पडद्यावर पाय दिसत असतानाही ते पायांकडे फारसं बघत नव्हते. इतर प्रसंगांत तर पाय चौकटीत नसतातच. मग ते खांदे बघतात. माणूस पाऊल टाकतो त्याच्या किंचित आधी खांदा सांगून टाकतो. ‘चेहऱ्याकडे बघायचं नाही,’ ते म्हणाले, ‘चेहरा बघितला की टायमिंग जातं.’

दुसऱ्या गुंडाचे बूट वेगळे निवडले: हलके, एका टाचेचं रबर झिजलेलं. कारण साधं आहे. दोघांचे पाय सारखेच वाजले तर पलंगाखालच्या मुलीला, आणि तिच्याबरोबर आपल्याला, कोण थांबलं आणि कोण पुढे गेलं हे कळणार नाही. सगळी भीती त्या हिशोबात आहे. जड बूट खिडकीकडे जातात, हलके पलंगाशी येऊन थांबतात. थांबल्यावर तर आवाजच नसतो, म्हणून मला वाटलं हा सोपा भाग असेल. त्या थांबण्यावर सर्वांत जास्त टेक झाले. उभा माणूस पूर्ण स्थिर नसतो; वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं, चामडं कुरकुरतं, टाचेखाली एखादा खडा चिरडतो. दादांनी खिशातून मीठ काढून चिमूटभर फरशीवर टाकलं, त्यावर टाच हळूच फिरवली. हेडफोनमध्ये ते इतक्या जवळ आलं की मी माझे पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मग ते मुलगी झाले.

बूट काढून ठेवले, गुडघ्यांवर बसले आणि तळहातांनी अनवाणी पावलं वाजवली. ह्या वजनाच्या पुरुषाचं खरं पाऊल अठरा वर्षांच्या मुलीचं वाटणार नाही, म्हणून हात. पळत येऊन पलंगाखाली शिरते ते सलवारीचं घासटणं वेगळ्या फेरीत, मांडीवर सुती कापड ओढून. तिच्या हाताखाली फोन सरकतो त्यासाठी दोन-तीन कव्हरं घासून पाहिली. सिलिकॉनचं फारच मऊ निघालं, शेवटी साध्या प्लास्टिकचं ठेवलं. तिला पायांना धरून बाहेर ओढतात तेव्हा दिग्दर्शकाला फरशीवर नखं ओरबाडल्याचा आवाज हवा होता. दादांच्या सामानात त्यासाठी एक लहानशी डबी निघाली. तिच्यात गल्लीतल्या फॅन्सी स्टोअरमधून आणलेली चिकटवायची नखं, गुलाबी रंगाची. ती त्यांनी पाच बोटांना चिकटवली, हात फरशीवर टेकवला, आणि मदतनिसाने त्यांना कमरेच्या पट्ट्याला धरून मागे ओढलं. पहिल्या टेकला एक नख उडून माइकच्या स्टँडवर आपटलं. सगळे हसले, दादा सोडून. ते नख शोधत होते.

दहा मिनिटांपूर्वी पलंगाशी थांबलेला गुंड ते होते. आता ओढून नेली जाणारी मुलगीही तेच. दुपारनंतर तिला सोडवायला निघालेला बाप होणार होते तेही तेच. पडद्यावर ह्या तिघांत वैर आहे, फोलीच्या खोलीत तिघांचा घाम एकाच बनियनला. मी त्यांना विचारलं की एका दिवसात इतकी माणसं व्हायची तर मनाला काही होत नाही का. त्यांनी प्रश्नाचा जरा विचार केला. ‘गुडघ्यांना होतं,’ म्हणाले.

किंकाळी मात्र फोलीची नाही. ती आणि श्वास, हुंदके, कण्हणं हे सगळं कंठातलं काम नटांच्या डबिंगमध्ये जातं. ह्या वाटणीवरून मला ब्रायन डी पाल्माचा १९८१चा ‘ब्लो आउट’ आठवत राहिला. त्यात जॉन ट्रॅव्होल्टा स्वस्तातल्या भयपटांचा ध्वनितंत्रज्ञ असतो आणि त्याला एका दृश्यासाठी चांगली किंकाळी हवी असते. चित्रपटभर तो एका तरुणीला वाचवायला धडपडतो. कानात तिचा आवाज येत असतो, तो धावत असतो, आणि पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. तिची मुद्रित झालेली खरी किंकाळी शेवटी त्या भिकार भयपटात बसते आणि अगदी चपखल बसते. ‘टेकन’मध्ये ऐकणारा बाप पोचतो. दोन्ही चित्रपटांत कान तितकेच तीक्ष्ण आहेत. बापाला सोडवणूक मिळते ती पटकथेकडून.

आपल्याकडे पोचण्याआधीच उशीर झालेल्या बापाची गोष्ट कमल हासनने ‘महानदी’त केली, १९९४ साली. तिथला बाप गुप्तहेर वगैरे नाही. फसवणुकीत तुरुंगात गेलेला साधा माणूस, आणि मुलगी सापडते ती कोलकात्याच्या वेश्यावस्तीत. ज्यांना ‘टेकन’ थरारक वाटतो त्यांनी तो जरूर पाहावा, मात्र रात्री झोपण्याआधी नको.

दुपारी बापाची पाळी आली. नट पन्नाशीचा, पण देखणा आणि कसलेला. चालतो तोही तसाच, छाती काढून. दिग्दर्शकाला पायांमध्ये वय हवं होतं. चेहऱ्यावर नसलेलं वय पायांतून आणायचं, म्हणजे फोलीवाल्याने नटाचं अर्धं काम करायचं. दादांनी एक माप मोठे चामडी बूट घेतले, आत दोन जाड मोजे घातले आणि टाचेच्या बाहेरच्या कडेवर वजन दिलं. पहिल्या रिळात घरातल्या रबरी स्लिपर होत्या, त्यांचा फटक-फटक आवाज निवृत्त माणसाचा. फोन येतो त्या क्षणापासून बूट. पुढे मांडीला मार बसतो तेव्हापासून उजवा पाय अर्ध्या चौकटीने मागे. हे कोणत्याही प्रेक्षकाला सांगता येणार नाही. पण काचेपलीकडे पोराने दादांचा ट्रॅक बंद करून एकदा आणि चालू करून एकदा तेच दृश्य दाखवलं, तेव्हा पहिल्या खेपेला पडद्यावर एक जाहिरातीतला पुरुष चालत होता आणि दुसऱ्या खेपेला कुणाचा तरी बाप.

इथे कुणी विचारेल की आता चित्रीकरणाच्या जागीच आवाज घेतात ना? घेतात. आपल्याकडे कित्येक दशकं कॅमेऱ्याची घरघर इतकी असायची की सगळा चित्रपट नंतर डब व्हायचा. ‘लगान’ने २००१ साली जागेवरच्या ध्वनिमुद्रणाची वाट पुन्हा उघडली आणि पुढे ती मळली. पण जागेवरचा माइक तोंडाकडे रोखलेला असतो. संवाद स्वच्छ मिळावेत म्हणून नटांच्या बुटांना खालून फोमचे तुकडे चिकटवतात, फरशीवर गालिचा टाकतात, बांगड्या काढायला लावतात. म्हणजे सेटवर मेहनत घेऊन पाय मुके करायचे आणि अंधेरीत मेहनत घेऊन त्यांना पुन्हा वाचा द्यायची. हा व्यवहार मला आधी वेडगळ वाटला. दोन्ही बाजूंची मेहनत पाहिल्यावर तो तितकाच वेडगळ वाटतो, फक्त आता त्याचं कारण कळतं.

मारामारी संध्याकाळसाठी राखून ठेवली होती, कारण तिच्यानंतर हातांत दुसऱ्या कामाची नजाकत उरत नाही. सत्तरच्या दशकातल्या हिंदी मारामारीत कुणीही कुणालाही कुठेही मारलं तरी ठोसा एकच वाजायचा, आणि तो आपल्या पिढीच्या खेळांत तोंडानेच वाजवला जायचा. आताचा ठोसा थरांचा असतो. खाली साठ्यातला एक घुमणारा दणका, त्यावर चामड्याची थाप, त्यावर ओल्या शॅमॉय कापडाची चिकट फटकार, आणि हाड मोडायचं असेल तर भाजी. परदेशात सेलरीचे दांडे पिळतात. इथे सेलरी महाग, म्हणून गाजर आणि मुळा. मदतनीस सकाळी मंडईतून भाजी आणतो तेव्हा ताजेपणा बोटांनी मोडून बघतो, आणि भाजीवाली त्याला ओरडते. चामड्याची युक्ती जुनी आणि नावाजलेली आहे. बेन बर्टने १९८१च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’साठी चामडी जाकिटं आणि बेसबॉलचे हातमोजे ढीग करून बॅटने बडवले होते.

ह्या चित्रपटातली मोठी झटापट स्वयंपाकघरात होते, आणि तिथे हिंदुस्थानी अडचण उभी राहिली. स्टीलची भांडी. ताट पडलं की ते कडेवर भिंगरीसारखं फिरत राहतं आणि थांबायचं नाव घेत नाही; तेवढ्यात पडद्यावर दोन ठोसे, एक शिवी आणि एक महत्त्वाचा प्रश्न होऊन गेलेला असतो. खरं ताट खऱ्या जमिनीवर टाकलं तर प्रसंग बुडतो. मग ताटाला मागून कापडी चिकटपट्टी लावली, ते घोंगडीच्या घडीवर पाडलं, आणि फिरण्याचा आवाज वेगळा घेतला, जेमतेम एक गिरकी. वाटी, पळी, झाकण ह्यांचीही तशीच बोळवण झाली. कुकरच्या झाकणाने एकाचं डोकं फोडायचं होतं, त्याला मात्र दादांनी पट्टी लावू दिली नाही. ते तसंच वाजू दे म्हणाले, घरोघरी ओळखीचा आवाज आहे तो.

माणूस पडतो तेव्हा दादा स्वतः पडतात, कोपर आणि दंडांवर, वीस-पंचवीस इंचांवरून, आणि मदतनीस त्याच क्षणी वाळूचं पोतं टाकतो. नुसतं पोतं टाकलं तर पोतं पडल्यासारखं वाजतं; त्याला हाडं लागतात. दंडांवरचे निळे डाग त्यांनी दाखवले नाहीत, पण बाही नसलेल्या बनियनमुळे लपलेही नाहीत.

ह्या झटापटीचं संकलन फार तुटक होतं. आजकाल तशीच फॅशन आहे, आणि तिचं टोक ‘टेकन’च्याच तिसऱ्या भागात गाठलं गेलं. त्यात साठी ओलांडलेला नीसन एका जाळीच्या कुंपणावरून उडी मारतो, आणि तेवढ्या सहाएक सेकंदांच्या उडीचे पंधराच्या आसपास तुकडे केलेत. लोकांनी त्याची यथेच्छ चेष्टा केली. पण फोलीच्या दृष्टीने बघायचं तर अशा ठिकाणी शरीर सलग ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आवाज. चित्र पाच ठिकाणी तुटतं, जाकिटाची सळसळ तुटत नाही. दादांनी स्वयंपाकघरातल्या बापाची कपड्यांची फेरी एका दमात केली, कटकडे लक्षच न देता, जणू तो माणूस आपल्यासमोर ओट्यापासून दारापर्यंत एकदाच गेला. नंतर चित्र बघताना मला कोण कुठे उभा आहे हे पहिल्यांदा समजलं.

ह्यातलं किती चित्रपटगृहात ऐकू येईल? खरं सांगायचं तर मारामारीतलं फार थोडं. शेवटच्या मिश्रणात पार्श्वसंगीत येतं, आणि आपल्याकडे बाप चिडला की संगीतकारही चिडतो. ढोल, तुताऱ्या, खर्जातली गुरगुर, त्याखाली गाजर, मुळा आणि शॅमॉय सगळं गडप. पलंगाचा प्रसंग तेवढा दिग्दर्शकाने संगीताशिवाय ठेवायचं ठरवलं होतं. निर्मात्याला ते पटेल की नाही ह्यावर स्टुडिओत पैज लागली होती, आणि पैजेत दिग्दर्शकाच्या बाजूने कुणीच नव्हतं, खुद्द दादाही नाहीत.

पण एका प्रतीत सगळं जसंच्या तसं जपलं जातं, आणि ती प्रेक्षकासाठी नसते. चित्रपट दुसऱ्या भाषेत डब करायला द्यायचा असला की संवादांचा ट्रॅक पूर्ण काढून टाकतात आणि फक्त संगीत व इतर ध्वनी असलेला संच पाठवतात. संवादाबरोबर जागेवर मुद्रित झालेली प्रत्येक लहान खुडबुडही त्यात निघून जाते. फोली नसेल तर तमिळ किंवा तेलुगू बोलणारी माणसं भुतांसारखी बिनआवाजाची चालतील. ‘जुरासिक पार्क’ १९९४ साली हिंदीत आला आणि चालला, तेव्हापासून परदेशी चित्रपटांचा आपल्याकडचा सगळा डबिंगचा धंदा अशाच संचांवर उभा आहे. ‘टेकन’ही फ्रान्समध्ये, आपल्या स्वतःच्या घरी, फ्रेंचमध्ये डब होऊन लागला. हा संच घेणाऱ्या मंडळींचे तपासनीस डोळ्यांत तेल घालून तो ऐकतात आणि त्रुटींची यादी परत पाठवतात, मिनिट-सेकंदांसकट.

मी शेवटची गेले तेव्हा तशी यादी आलेली होती. बापाच्या बुटांबद्दल, ओरबाडणाऱ्या नखांबद्दल, कुकरच्या झाकणाबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे ते पास. एकच गंभीर तक्रार होती. इस्पितळाच्या प्रसंगात बाप मुलीचा फोटो दाखवून चौकशी करत असताना मागून, धूसर, एक आया बादली घेऊन जाते, आणि तिचे पाय वाजत नाहीत. मदतनीस फडताळातून स्लिपर काढायला धावला. दादा पडद्याच्या अगदी जवळ गेले, तो तुकडा दोनदा मागे-पुढे करून घेतला, आयाचा खांदा कुठल्या बाजूला झुकलाय ते पाहिलं आणि पोराला म्हणाले, ‘स्लिपर नंतर. बादली अर्धी भरून आण आधी.’